शब्दाची जात वाक्यात ठरते

'डाऊन' या इंग्रजी शब्दाची जात कोणती, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर त्याला नेमके उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नच अपुरा आहे. वर्गात 'सिट डाऊन' म्हटले जाते तेव्हा डाऊन हे क्रियाविशेषण असते. बसण्याची दिशा ते सांगते. मुले 'डाऊन द हिल' धावत सुटली असे धड्यात येते तेव्हा तोच शब्द टेकडीशी जोडला जातो. मराठीतले शब्दयोगी अव्यय जे काम नामाच्या मागे राहून करते, तेच तो नामाच्या पुढे उभा राहून करतो. मिरज जंक्शनवर 'डाऊन ट्रेन' येते तेव्हा तो गाडीचे विशेषण होतो. संसारातल्या 'अप्स अँड डाऊन्स'मध्ये तो अनेकवचनी नाम म्हणून येतो. आणि कामगारांनी हत्यारे खाली ठेवून काम थांबवले, हे इंग्रजी भाषा 'दे डाऊन्ड टूल्स' एवढ्या तीन शब्दांत सांगते; तिथे डाऊनला भूतकाळाचा प्रत्यय लागला आहे, म्हणजे तो सरळ क्रियापद झाला आहे. पाच वाक्यांत पाच जाती, आणि मूळ शब्दात एका अक्षराचाही फरक नाही. ज्या विद्यार्थ्याने 'डाऊन म्हणजे खाली, क्रियाविशेषण' एवढे पाठ केले आहे, त्याचे यातल्या चार वाक्यांत अडते.

पुढच्या प्रकरणांत रोजच्या वापरातले असे इंग्रजी शब्द घेतले आहेत, आणि ते घेण्यामागे एक ठाम म्हणणे आहे. शब्दाची जात शब्दाला जन्मापासून चिकटलेली नसते; वाक्यात त्याच्या वाट्याला जे काम येते त्यावरून ती ठरते. एकाच शब्दाच्या वाट्याला किती कामे येऊ शकतात, हे मात्र त्या शब्दाच्या अंगावर प्रत्यय किती उरला आहे यावर बरेचसे अवलंबून असते. इंग्रजीत हे ठळकपणे दिसते, म्हणून तो इंग्रजीचा लहरीपणा आहे असे आपल्याकडे समजले जाते. मराठीतही हेच घडते, सातारा-सांगलीच्या बोलण्यात तर रोज घडते, पण आपली नजर तिकडे वळवलेली नसते. ती वळवली तर इंग्रजीचा हा भाग शिकवणे पुष्कळ सोपे होईल, अशी माझी खात्री आहे.

हे पुस्तक सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या मराठी माध्यमाच्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. हे दोन जिल्हे एकत्र धरणे कृत्रिम नाही. १९६० पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचे नावच दक्षिण सातारा होते, आणि कृष्णाकाठची बोली जिल्ह्याची हद्द आली म्हणून थांबत नाही. शिक्षणाच्या बाबतीत या पट्ट्याला मोठी परंपरा आहे. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि त्याच वर्षी सांगलीत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन कॉलेज सुरू झाले. एकीकडे शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत आणण्याचा प्रयत्न, दुसरीकडे इंग्रजीतून उच्च शिक्षणाची सोय, अशा दोन वाटा इथे एकाच वर्षी निघाल्या. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले आणि या दोन वाटा प्राथमिक शाळेच्या वर्गात एकत्र आल्या. वय सहा वर्षांचे झाले की मुलासमोर इंग्रजी शब्द येतो. मग त्या शब्दाकडे कसे पाहायचे, हे शिकवणाऱ्याला स्पष्ट असलेच पाहिजे.

मराठी शाळेत शिकवल्या जाणाऱ्या आठ जाती, म्हणजे नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी, या आपल्या जुन्या परंपरेतून आलेल्या नाहीत. यास्काने निरुक्तात पदांचे चार प्रकार मानले: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीने तर दोनच मानले. ज्याला नामाचे प्रत्यय लागतात ते सुबन्त, ज्याला क्रियापदाचे लागतात ते तिङन्त. अव्ययांनाही त्याने सुबन्तांतच बसवले. त्यांचा प्रत्यय लोप पावलेला असतो, असे धरून. यातली खोच लक्षात घेण्यासारखी आहे. शब्द आणि पद यांत इथे भेद केला आहे: प्रत्यय घेऊन वाक्यात शिरल्यावरच शब्दाला पदाचा दर्जा मिळतो. आपल्या शालेय व्याकरणांतही हा भेद पहिल्या-दुसऱ्या पानावर दिलेला असतो आणि तिथेच सोडून दिलेला असतो.

आठांची गणती आली ग्रीकांकडून. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या डायोनिसिअस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात शब्दांचे आठ भाग आहेत. लॅटिनमध्ये आर्टिकल नव्हते, म्हणून रोमन व्याकरणकारांनी ते वगळून केवलप्रयोगी आत घेतले आणि आठांची संख्या कायम ठेवली. युरोपातल्या शाळांनी ही चौकट शतकानुशतके चालवली, इंग्रजीच्या व्याकरणकारांनी ती इंग्रजीवर बसवली, आणि इंग्रजी राजवटीबरोबर ती मराठीत उतरली. १८०५ साली सेरामपूरहून विल्यम केरीचे मराठी व्याकरण निघाले. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण आले आणि मराठी शाळांच्या पिढ्या त्यावर वाढल्या; त्याची घडण इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर होती. १९११ साली मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून या सगळ्याची कसून छाननी केली, तरी शाळेच्या फळ्यावरची आठांची यादी हलली नाही. इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या तिन्ही प्रत्ययांनी लगडलेल्या भाषा. तिथे शब्दाच्या शेवटाकडे पाहिले की त्याची जात बहुधा कळते. शब्दाला जात 'असते', ही समजूत तशा भाषांत पोसली गेली आणि जिचे प्रत्यय बहुतेक गळून गेले आहेत अशा इंग्रजीला ती जशीच्या तशी लावली गेली. विद्यार्थ्याची अडचण इथून सुरू होते.

इंग्रजीचे प्रत्यय नेहमीच असे झडलेले नव्हते. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाला विभक्ती होत्या, विशेषणे नामाप्रमाणे बदलत, क्रियापदाची रूपे पुरुष-वचनानुसार वेगळी असत. 'लव्ह' हा आज नामही आहे आणि क्रियापदही. पण त्या काळी प्रेम या नामाला 'लुफू' म्हणत आणि प्रेम करणे या क्रियापदाला 'लुफिअन'. शेवट वेगळे, म्हणून शब्द वेगळे. इंग्रजीत आघात शब्दाच्या सुरुवातीकडे पडत असल्याने शेवटचे स्वर हळूहळू पुसट होत गेले. नवव्या शतकापासून उत्तर इंग्लंडात स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांशी रोजचा व्यवहार सुरू झाला. दोघांच्या भाषांतले मूळ शब्द पुष्कळदा सारखे, प्रत्यय मात्र निराळे, म्हणून प्रत्ययांकडे दुर्लक्ष करणे सोयीचे होते. १०६६ साली नॉर्मन राजवट आली आणि लेखनातली जुनी प्रमाणभाषा टिकवून धरणारा वर्गच मागे पडला. १४०० साली इंग्रज कवी चॉसर वारला तेव्हा शेवटचा एक क्षीण 'अ' काही शब्दांच्या टोकाला उरला होता. पुढच्या शंभर वर्षांत तोही गेला. 'लुफू' आणि 'लुफिअन' यांचे शेवट गळून दोन्हींचे एकच 'लव्ह' झाले.

डाऊनची कहाणी याहून बोधप्रद आहे, आणि सातारकरांना ती चटकन समजेल, कारण तिची सुरुवात डोंगरातून होते. जुन्या इंग्रजीत 'डून' म्हणजे टेकडी. दक्षिण इंग्लंडातल्या टेकड्यांच्या रांगेला आजही 'साउथ डाऊन्स' म्हणतात. 'ऑफ डूने' म्हणजे टेकडीवरून. यातला शेवटचा 'ए' हा विभक्तीचा प्रत्यय. बोलण्याच्या ओघात 'ऑफ'चा नुसता 'अ' झाला, पुढे तोही गेला, शेवटचा 'ए' गळाला, आणि उरले 'डाऊन'. टेकडीवरून येणारा खालीच येतो, म्हणून अर्थ झाला खाली. एका सविभक्तिक नामाचे असे क्रियाविशेषण झाले. मग ते दुसऱ्या नामाशी जोडले जाऊन प्रिपोझिशन झाले, नामाआधी बसून विशेषण झाले, क्रियापदाच्या जागी बसून भूतकाळाचा प्रत्यय घेऊ लागले. अंगावरचा प्रत्यय जाईपर्यंत त्याला एकच काम होते. प्रत्यय गेल्यावर त्याला कोणतीही जागा वर्ज्य राहिली नाही.

आता मराठीतला 'पायी' घ्या. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद आणि फलटणवरून पुढे जाते, आणि त्या वाटेवर हा शब्द हजारो तोंडी असतो. 'माउलींच्या पायी डोकं ठेवलं' यात पायी हे नाम आहे, पाय या शब्दाचे सप्तमीचे रूप. 'पायी वारी करतो' यात ते क्रियाविशेषण आहे. करण्याची रीत ते सांगते. आणि 'दारूच्या पायी घर गेलं' असे म्हटले जाते तेव्हा पायाचा तिथे काही संबंधच उरलेला नसतो. कारण सांगणारे ते शब्दयोगी अव्यय असते, 'मुळे'च्या जोडीचे. तो 'मुळे' तरी कुठून आला? मूळ या नामातूनच. 'कडे' हा कड या नामातून आला, 'मध्ये' हा मध्य या शब्दातून. सविभक्तिक नाम, मग क्रियाविशेषण, मग शब्दयोगी: ही अगदी डाऊनची वाट आहे. फरक एका ठिकाणी पडतो. डाऊन पुढे जाऊन क्रियापद झाला. पायी झाला नाही आणि होणारही नाही. त्याच्या अंगावर सप्तमीचा 'ई' अजून शाबूत आहे, आणि एक प्रत्यय घट्ट बसलेला असताना त्यावर क्रियापदाचा दुसरा प्रत्यय चढवायला मराठी तयार होत नाही.

मग मराठीत ज्या शब्दाच्या अंगावर प्रत्ययच नाही त्याचे काय होते? त्यासाठी 'भर' हा शब्द पाहावा. मराठीतल्या इतक्या कष्टाळू शब्दाकडे व्याकरणाच्या पुस्तकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. मोठ्या बांधणीच्या वेळी उसाला मातीची भर देतात. इथे भर हे स्त्रीलिंगी नाम. 'रागाच्या भरात बोलून गेला' इथेही नामच, पण पुल्लिंगी. 'हौद भर' म्हटले की आज्ञार्थी क्रियापद. 'भर दुपारी', 'भर बाजारात', 'भर पावसात' इथे तो पुढच्या नामाचा कळस दाखवणारे विशेषण आहे. 'दिवसभर', 'गावभर', 'रानभर' यांत शब्दयोगी. 'मूठभर', 'वाटीभर' यांत मापाचा वाचक, ज्याला आठांपैकी कोणत्या खणात टाकावे यावर दोन शिक्षकांचे एकमत होणे कठीण. या सगळ्यांचे मूळ एक आहे. भरण्याचा, भरलेपणाचा अर्थ सगळ्यांत आहे. शब्द उघडा आहे, प्रत्ययाने बांधलेला नाही, म्हणून इंग्रजी शब्दासारखाच तो या जागेवरून त्या जागेवर जातो. आणि मराठीभाषक मूल पाच वर्षांचे व्हायच्या आत यातल्या प्रत्येक भरचा अर्थ केवळ जागेवरून ओळखते. 'भर उन्हात टाकी भर' यातला पहिला भर कोणता आणि दुसरा कोणता, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

आपल्या धातूंपैकी पुष्कळांची अशीच अवस्था आहे. मराठीत धातूचे उघडे रूप एका ठिकाणी दिसते, आज्ञार्थाच्या द्वितीय पुरुषी एकवचनात, आणि तिथेच त्याची नामाशी गाठ पडते. 'आमच्या उसाला तोड आली' असे वाळव्यात किंवा कराडला कोणी म्हणतो तेव्हा तोड हे नाम. 'आधी कडेचा ऊस तोड' यात क्रियापद. तालमीत वस्ताद 'पकड' म्हणून ओरडतो ते क्रियापद, आणि 'पकड ढिली पडली' म्हणतो ते नाम. खेळ, चाल, बोल, धाव, झोप, ओढ, नाच ही यादी हवी तेवढी वाढवता येईल. 'नाम म्हणजे व्यक्तीचे, वस्तूचे, स्थळाचे नाव आणि क्रियापद म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द' ही व्याख्या इथे तुटते, कारण तोड ही दोन्ही वाक्यांत क्रियाच आहे. नाम ठरते ते 'आली' या क्रियापदाचा कर्ता होऊन बसल्यामुळे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे एकाच शब्दाचे अनेक उपयोग नसून दिसायला सारखे असे निरनिराळे शब्दच आहेत. आक्षेप काही ठिकाणी बरोबर आहे आणि तिथे तो मान्य करायलाच हवा. नवरदेव या अर्थाचा वर आणि 'माळ्यावर'मधला वर यांचा संबंध नाही. रिकामा या अर्थाचा 'खाली' अरबीतून आला; 'खाली बस' मधला खाली हा खोलगट जागा दाखवणाऱ्या 'खाल' या शब्दाचा, म्हणूनच त्याचे खालचा, खालून असे होते आणि रिकाम्या 'खाली'चे होत नाही. इंग्रजीतही उजेड या अर्थाचा 'लाइट' आणि हलका या अर्थाचा 'लाइट' हे मुळात दोन वेगळे शब्द. उशीत भरतात त्या मऊ पिसांना डाऊन म्हणतात, त्याचाही टेकडीच्या डाऊनशी संबंध नाही, तो स्कँडिनेव्हियातून आला. असे शब्द वेगळे काढलेच पाहिजेत, आणि या पुस्तकात ते वेगळे काढले आहेत. पण म्हणून पाचही डाऊन वेगळे ठरत नाहीत. जिथे मूळ एक, अर्थाचा धागा सलग आणि एका उपयोगातून दुसरा कसा निघाला हे दाखवता येते, तिथे शब्द एकच. हेन्री स्वीट या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रकाराला 'कन्व्हर्जन' हे नाव दिले आणि पुढच्या व्याकरणकारांनी ते स्वीकारले.

दुसरा आक्षेप शब्दकोशाच्या आधाराने घेतला जातो. कोशात प्रत्येक शब्दापुढे ना., वि., क्रि. असे छापलेले असते. मग जात शब्दाचीच नाही काय? कोशकाराचे काम कसे चालते हे पाहिले की याचे उत्तर मिळते. तो शब्द वाक्यांतून गोळा करतो, त्यांचे उपयोग जमवतो आणि मग त्यांना नाव देतो. कोशातली खूण म्हणजे पूर्वी वापरल्या गेलेल्या वाक्यांचा गोषवारा असतो. उद्या कोणी नवे वाक्य बोलले आणि ते रुळले, तर कोशाला नवी ओळ घालावी लागते. अमेरिकेत चार्ल्स फ्राइझ या अभ्यासकाने तर १९५२ सालच्या आपल्या पुस्तकासाठी टेलिफोनवरच्या खऱ्याखुऱ्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे घेतली आणि अर्थावर बेतलेल्या जुन्या व्याख्या बाजूला ठेवून, वाक्यातल्या कोणत्या रिकाम्या जागी कोणता शब्द बसतो एवढ्यावरून इंग्रजी शब्दांचे वर्ग पाडले. त्याचे सगळेच वर्ग नंतर टिकले नाहीत. तरी जागेवरून काम आणि कामावरून जात, हा त्याने धरलेला क्रम मला योग्य वाटतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जात जर वाक्यावरच अवलंबून, तर कोणताही शब्द कोणत्याही जागी का बसत नाही? 'हॅपीनेस' क्रियापद होत नाही, 'सिन्सिअरिटी' होत नाही. खरे आहे, आणि हाच पुरावा आपल्या बाजूचा आहे. या शब्दांच्या टोकाला 'नेस' आणि 'इटी' हे प्रत्यय जिवंत आहेत. पायीच्या 'ई'सारखे ते शब्दाला एका जागी बांधून ठेवतात. इंग्रजीत जे शब्द सर्वांत जास्त जाती बदलतात ते बहुतेक एक-दोन अवयवांचे, उघडे शब्द: राऊंड, बॅक, अप, फास्ट, स्टिल, वेल, वॉटर, हँड. 'एक्सपेरिमेंट'सारखे लांब शब्दही कधी क्रियापद होतात, पण त्यातला 'मेंट' हा परका प्रत्यय बोलणाऱ्याला प्रत्यय म्हणून जाणवेनासा झाला आहे. शिवाय इंग्रजीने सगळ्याच खुणा टाकलेल्या नाहीत. 'रेकॉर्ड'मध्ये आघात सुरुवातीला दिला तर नाम, शेवटी दिला तर क्रियापद. घर या अर्थाच्या 'हाउस'च्या शेवटी 'स' आणि कोणाला राहायला जागा देणे या अर्थी शेवटी 'झ', आपल्या 'झाड'मधला. लिहिताना स्पेलिंग एकच असल्याने हा फरक पुस्तकातून कळत नाही, शिक्षकाच्या तोंडूनच कळतो. आणि मराठी मुलांच्या जिभेला हे दोन्ही वर्ण येत असल्याने त्यांना तो जमायला काहीच हरकत नाही.

एक गोष्ट मात्र इथे कबूल केली पाहिजे: जागा पाहून जात कळते, अर्थ प्रत्येक वेळी कळेलच असे नाही. 'चेअर' क्रियापद झाले की अर्थ सभेचे अध्यक्षपद सांभाळणे असा होतो. 'बुक' क्रियापद झाले की जागा राखून ठेवणे. 'टेबल' क्रियापद झाले तर इंग्लंडात प्रस्ताव चर्चेला मांडणे आणि अमेरिकेत तो चर्चेतून बाजूला ठेवणे, असे जवळजवळ उलटे अर्थ निघतात. हे वापरानेच शिकावे लागते. म्हणूनच या पुस्तकात नुसता नियम सांगून थांबलेलो नाही, प्रत्येक शब्दाची पुष्कळ वाक्ये दिली आहेत.

इंग्रजी शब्द मराठीत आला की काय होते, हा या सगळ्याचा माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग, आणि त्यासाठी कुठल्या परदेशी ग्रंथाची गरज नाही, एस.टी. स्टँडवर उभे राहिले तरी पुरते. 'रोज कराड-सातारा अपडाऊन करतो' असे नोकरदार सांगतो. इंग्रजीतली दोन क्रियाविशेषणे मराठीने एकत्र बांधली आणि त्यांचे एक नपुंसकलिंगी नाम केले: 'माझं अपडाऊन चालू आहे', 'अपडाऊनला कंटाळलो', 'अपडाऊनवाले'. रोज कामासाठी जाऊन-येऊन असणे, हा नेमका अर्थ इंग्रजीतल्या त्या दोन शब्दांना नाही. तो इथे घडला. कंडक्टरला 'दोन फुल, एक हाफ' सांगितले जाते. इंग्रजीत 'फुल' हे मुख्यतः विशेषण. इथे ते मोजता येणारे नाम झाले आहे. 'टाकी फुल कर' मध्ये तेच विशेषणाच्या जागी, आणि 'फुल भिजलो' मध्ये क्रियाविशेषणाच्या. 'लाइट गेली' मधली लाइट स्त्रीलिंगी नाम, अर्थ वीज. 'मोटरवर लोड आला' यात लोड पुल्लिंगी नाम, 'ट्रॉली लोड केली' यात तो क्रियापदाचा सोबती. 'एसटीचा पास', 'पोरगं पास झालं', 'ठराव पास केला': एकाच शब्दाला तीन जागा, आणि बोलणारा कुठेही अडखळत नाही.

या उदाहरणांतून एक नियम दिसतो. परका शब्द मराठीत उघडा येतो, म्हणून नाम, विशेषण, क्रियाविशेषण यांपैकी कोणत्याही जागी तो लगेच बसतो. क्रियापदाच्या जागी मात्र तो एकटा बसत नाही. करणे, होणे, मारणे, लावणे यांपैकी कोणाला तरी सोबत घेतो. अपडाऊन करतो, फोन लावला, राऊंड मारला, फेल झाला. मराठी क्रियापदाला लिंग, वचन, पुरुष, काळ यांचा भार वाहावा लागतो, आणि तो भार करणे-होणेवर टाकून परका शब्द मोकळा राहतो. इंग्रजीत क्रियापदाच्या अंगावर आता एवढा भार नाही, म्हणून तिथे डाऊनला सोबत्याची गरज पडली नाही. हा नियम कायमचा आहे असे मात्र म्हणता येणार नाही. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांना मराठीने सावकाश आपले प्रत्यय लावलेच: बदलणे, खर्चणे, फर्मावणे. नावाजणे हे तर ऐकणाऱ्याला नाव या शब्दातून आलेले वाटते, इतके ते घरचे झाले. पण तेही फारसीतून आलेले आहे. इंग्रजी शब्दांनाही तेवढा काळ मिळाला तर काय होईल, ते आज सांगता येत नाही.

हा सगळा इंग्रजीचा संसर्ग आहे, मराठी त्याने सैल होते आहे, असे काही जाणकारांना वाटते. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, पण पुरावा त्यांच्या बाजूने नाही. भर, पायी, तोड हे शब्द इंग्रजी यायच्या आधीपासून अशीच कामे करत आले आहेत. आणि आलेल्या शब्दाला लिंग देणे, त्याचे सामान्यरूप करणे, त्याला '-वाले' जोडणे, हे मराठी व्याकरण करते, इंग्रजी नव्हे. विशेषणाचे नाम करतानाची मराठीची काटेकोर रीत पाहा: 'मोठ्या माणसांना विचार' यात मोठ्या हे विशेषण, विभक्ती त्याला लागत नाही, 'मोठ्यांना विचार' यात ते नाम झाले, तर अनुस्वार आणि 'ना' दोन्ही ते अंगावर घेते. काम बदलले की मराठी खूण करते. इंग्रजीत ती खूण शब्दाच्या जागेने होते, आणि त्याची किंमत इंग्रजीला शब्दक्रम घट्ट बांधून मोजावी लागते. 'पैलवानानं वस्तादाला उचललं' हे वाक्य मराठीत कसेही फिरवले तरी कोणी कोणाला उचलले ते बदलत नाही. इंग्रजीत ती दोन नामे जागा बदलली की कुस्तीचा निकालच बदलतो. मराठी मुलाला इंग्रजी शब्दक्रम अवघड का जातो याचे मूळ इथे आहे: घरी त्याला प्रत्ययाकडे कान द्यायची सवय असते, आणि शाळेत त्याला जागेकडे पाहायचे असते, पण तसे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून पुढच्या प्रकरणांत शब्द सुटा कुठेही दिलेला नाही. प्रत्येक शब्दाआधी त्याची वाक्ये येतात; विद्यार्थ्याने आधी त्याच्या पुढे-मागे काय आहे ते पाहावे, 'द' लावता येतो का, अनेकवचन होते का, भूतकाळ होतो का हे तपासावे, आणि मगच जातीचे नाव लिहावे. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या जोडीला एक मराठी शब्द ठेवला आहे, शक्यतो शेतातला, स्टँडवरचा किंवा तालमीतला. जिथे दोन शिक्षकांची उत्तरे वेगळी येतील अशी वाक्येही मुद्दाम राहू दिली आहेत. 'मूठभर'मधला भर त्यातलाच एक. त्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेले नाही, आणि वर्गात त्यावर वाद झाला तर त्यासाठी एक तास खर्च करायला माझी काहीच हरकत नाही.